‘बहु सरस छे’ ऐकून भागत नाही: खरं मत मिळवण्याची माझी पद्धत

बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या एका गल्लीत मी बावीस वर्षं दिवाळीचा फराळ करून विकते आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला वर्षभर चालूच असतं. हाताशी सात-आठ बायका असतात. गिऱ्हाइकं निम्मी मराठी, निम्मी गुजराती. चव कशी वाटली असं विचारलं की मराठी घरांतून ‘छान झालंय हो काकू’ येतं आणि गुजराती घरांतून ‘बहु सरस छे, बेन’. या दोन वाक्यांवर मी बरीच वर्षं विसंबून राहिले आणि एका दिवाळीत ते मला फार महागात पडलं.

त्या वर्षी मागणी वाढली होती. वेळ वाचावा म्हणून मी मोठी कढई आणली आणि आच मोठी ठेवून चकल्या भराभर तळून काढल्या. मोठ्या आचेवर चकली वरून लगेच लाल होते, पण आतलं पाणी उडून जायला वेळ मिळत नाही. कढईतून काढल्यावर ती कुरकुरीतच लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतला ओलावा बाहेर येतो आणि ती मऊ पडते. आम्ही सगळ्यांनी ती गरम असताना खाल्ली. शेजारणींनी खाल्ली, नातेवाइकांनी खाल्ली, सगळ्यांनी वाखाणली. परदेशी जाणारी पार्सलंही त्याच घाण्यांची गेली. तक्रार एकही आली नाही. पुढच्या दिवाळीला मात्र नेहमीच्या घरांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं ऑर्डरच दिली नाही.

मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. तळणीवर बसणाऱ्या मावशींना हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. ‘‘मग बोलला का नाहीत?’’ असं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘ताई, आदल्या वर्षी अनारशाचं पीठ सैल वाटतंय म्हटलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, अनारसे मी तुमच्या आधीपासून करते.’’ मी तसं म्हणाले होते. त्या दिवशी अनारसे तुपात पार हसले, म्हणजे विस्कटून पसरले, अर्धं पीठ वाया गेलं, आणि तरीही ‘तुमचं बरोबर होतं’ एवढं मी त्यांना म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. हांजी हांजी करणारी माणसं आपल्याभोवती आपोआप जमत नाहीत, आपणच ती घडवतो. एकानं नको ते सांगितल्यावर आपण कसे वागलो हे बाकीचे सगळे बघत असतात, आणि पुढच्या वेळी काय सांगायचं, काय गिळायचं, ते त्यावरून ठरवतात. म्हणून पुढच्या पायऱ्या तोंडपुजे ओळखण्याच्या कमी आणि आपले कान दुरुस्त करण्याच्या जास्त आहेत. दुकान, शिकवणीचा वर्ग, गाणं, कारखाना, कुठेही त्या चालतील. उदाहरणं माझ्या कढईतली आहेत, कारण मला तेच काम येतं.

पहिली पायरी: एक पान लिहून काढा

गेल्या तीन महिन्यांत तुमच्या कामाबद्दल तुम्हाला न रुचणारं काय काय ऐकायला मिळालं ते वहीत लिहा. चार रकाने करा: तारीख, कोणी सांगितलं, काय सांगितलं, आणि आपण त्यावर काय बोललो. चौथा रकाना लिहिताना हात अडखळतो, पण सगळं पान त्या रकान्यासाठीच आहे.

पान कोरं राहिलं, तर लोकांनी तुम्हाला सांगणं सोडून दिलंय असं धरून चाला. पान भरलं, पण सांगणारे सगळे तुमच्या बरोबरीचे किंवा वरचे निघाले, तरी सावध व्हा. काम सर्वांत जवळून बघतात ती हाताखालची माणसं. त्यांच्यापैकी एकाचंही नाव पानावर नसेल तर सर्वांत उपयोगाची बातमी तुमच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरी पायरी: पहिली दहा सेकंद

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

कोणी चूक दाखवली की छातीत काहीतरी दुखतं आणि तोंडातून लगेच खुलासा निघतो. ‘या वेळी हरभराडाळच तशी आली’, ‘गॅस कमी होता’, ‘बाकीच्यांना तर आवडलं’. खुलासा खरा असला तरी सांगणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते: आपण बोललो ते चुकलं. म्हणून पहिल्या दहा सेकंदांसाठी मी दोन वाक्यं पाठ केली आहेत. ‘‘बरं झालं सांगितलंत.’’ आणि ‘‘अजून काय वाटलं?’’ बस. यापुढे तिसरं वाक्य बोलायचं नाही.

‘अजून काय’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. माणूस पहिल्यांदा सांगतो ती तक्रार बहुतेक वेळा सौम्य केलेली असते. चकली ‘जरा जास्त तळली गेली का?’ असं विचारणाऱ्या बाईला प्रत्यक्षात ती कडू लागलेली असते. तुम्ही शांत राहिलात तर दुसऱ्या वाक्यात खरं बाहेर येतं.

मग ते तिच्यासमोरच लिहून घ्या. मोबाईलवर नको, तिला वाटेल आपण दुसरंच काही बघतोय. वहीत, तिच्याच शब्दांत. ती ‘पिठूळ’ म्हणाली असेल तर ‘पिठूळ’ लिहा, ‘पोत सुधारणे’ असं लिहू नका. शब्द बदलला की तक्रारीची धार जाते आणि महिन्यानं वाचताना काहीच आठवत नाही.

निर्णय त्याच वेळी घ्यायचा नाही. एक रात्र जाऊ द्या. सकाळी वही उघडली की आदल्या दिवशी बोचलेल्या पाच गोष्टींपैकी तीन सरळ पटतात, असा माझा अनुभव आहे. पटलेल्या आणि न पटलेल्या, दोन्ही गोष्टींचं उत्तर सांगणाऱ्याला द्या. ‘‘मावशी, तुम्ही म्हणालात तशी आच कमी केली, बघा बरं आता.’’ किंवा, ‘‘विचार केला, पण ओवा कमी नाही करणार, कारण हे.’’ आपलं ऐकलं गेलं हे तिला कळलं की नकारही चालतो. उत्तरच आलं नाही तर ती पुन्हा बोलत नाही.

आणि चूक तुमची निघाली, तर ते सगळ्यांसमोर म्हणा. मी मावशींना सगळ्यांसमोर तोडलं होतं, मग ‘तुमचं बरोबर होतं’ हे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात म्हणून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी मी ते सगळ्या बायकांसमोर म्हणाले. त्यानंतरही मावशींना मोकळेपणानं बोलायला सहा-सात महिने लागले. एका वाक्यानं गेलेला विश्वास एका वाक्यानं परत येत नाही, त्यामुळे इथे धीर लागतो.

तिसरी पायरी: प्रश्न बदला

‘कसं झालंय?’ हा प्रश्न मी बंद केला. आपल्याकडे दारात ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘छान’ सोडून दुसरं काही म्हणणं असभ्यपणाचं मानतात, आणि समोरच्याला त्या पेचात आपणच टाकतो. सासूबाई, नणंद, मुलं, मैत्रिणी खोटं बोलत नसतात, ती माया असते. मायेच्या माणसाला परीक्षकाच्या खुर्चीत बसवू नये.

त्याऐवजी मी असं विचारते:

‘यातली एकच गोष्ट बदलायची तर कोणती बदलाल?’ इथे काही ना काही सांगणं हीच सभ्यता होते.
‘या दोनांपैकी कुठली जास्त घ्याल?’
‘मागच्या वेळचा डबा किती दिवसांत संपला? शेवटी काय उरलं होतं?’

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. त्यात मत विचारलेलं नाही, घडलेली गोष्ट विचारली आहे. ‘अनारसे उरले होते, मुलं काही खात नाहीत’ असं सहज सांगितलं जातं. शिकवणी घेणाऱ्यांनी ‘समजलं का?’ऐवजी ‘हे गणित फळ्यावर सोडवून दाखव’ म्हणावं. गाणाऱ्यांनी ‘कसं झालं?’ऐवजी ‘कुठल्या जागेवर तुमचं लक्ष उडालं?’ असं विचारावं.

चौथी पायरी: नाव झाकून चाखवा

खाद्यपदार्थांच्या उद्योगात एक जुनी चाचणी वापरतात, तिला त्रिकोणी चाचणी म्हणता येईल. घरगुती कामातही ती सहज जमते. माझ्या मते, आपल्याला हवं तेच ऐकण्यावर याहून चांगलं औषध नाही, कारण चाखणाऱ्याला तुमचं मन राखायची संधीच मिळत नाही.

समजा जुन्या भाजणीची चकली आणि नव्या भाजणीची चकली यांत फरक कळतो का, हे बघायचं आहे. प्रत्येकीसमोर तीन वाट्या ठेवायच्या. दोन वाट्यांत एकच चकली, तिसरीत दुसरी. वेगळी कुठली, एवढंच तिनं सांगायचं. ठरवता येत नसेल तरी अंदाजानं एक वाटी सांगायचीच.

तयारी नीट करा. दोन्ही चकल्या एकाच दिवशी तळलेल्या हव्यात. तुकडे करून ठेवा, नाहीतर वेढ्यांवरून ओळखू येते. वाट्या सारख्या घ्या. रंगात फरक असेल तर उजेड मंद करा. वाट्यांवर १, २, ३ किंवा अ, ब, क लिहू नका, पहिला नंबर चांगला असतो असं मनात येतंच. ४७२, ८१६, ३५९ असे काहीतरी आकडे टाका. वाट्यांचा क्रम सहा प्रकारे लागू शकतो: जुनी-जुनी-नवी, जुनी-नवी-जुनी, नवी-जुनी-जुनी, आणि नवी दोन वेळा घेऊन असेच तीन. बारा जणी असतील तर प्रत्येक क्रम दोघींना द्या. मध्ये कोमट पाण्याची चूळ भरायला सांगा. कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, ‘अगंबाई’सुद्धा नाही, कारण एकीचा चेहरा बघून दुसरी ठरवते.

वाट्या भरणारी एक आणि वाढणारी दुसरी असावी, आणि कुठल्या वाटीत काय आहे हे वाढणारीला माहीत नसावं. पहिल्यांदा मीच भरल्या आणि मीच वाढल्या. बायका वाटीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होत्या.

आता हिशेब. नुसत्या अंदाजानं तिघींतल्या एकीचं उत्तर बरोबर येतं, म्हणजे बारा जणींत साधारण चौघींचं. बारापैकी आठ किंवा जास्त जणींनी वेगळी वाटी बरोबर ओळखली, तर फरक खरोखर कळतो असं धरा. आठपेक्षा कमी आल्या, तर ‘फरक नाही’ असं सिद्ध होत नाही, ‘या बैठकीत दिसला नाही’ एवढाच त्याचा अर्थ. फरक कळला तर ‘जास्त आवडली कुठली’ हे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बायकांना, दोनच वाट्या देऊन विचारा. दोन्ही प्रश्न एकत्र केले की गोंधळ होतो.

मी ही चाचणी केली तेव्हा मला वाटत होतं की माझी जुनी भाजणी कोणीही डोळे मिटून ओळखेल. बारापैकी पाच जणींनी ओळखली. ती संध्याकाळ जड गेली. पण जास्तीच्या ज्या दोन जिनसांवर मी दरवर्षी पैसे घालत होते, त्यांचा विचार मी प्रथमच शांतपणे करू शकले.

पाचवी पायरी: जे गेले त्यांना मोजा

स्तुती राहिलेल्यांकडूनच येते. ज्यांना आवडलं नाही ते भांडत नाहीत, खंडेराव मार्केटकडे जाताना दुसऱ्या गल्लीनं जातात. म्हणून गिऱ्हाइकांची वही ठेवा आणि दर वर्षी मागच्या वर्षीच्या नावांवर खूण करत जा. ज्यांच्यापुढे खूण नाही, त्यांच्यातल्या पाच जणांना फोन करा. विकायला नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. ‘‘ऑर्डर नको आहे, मला फक्त माझी चूक समजून घ्यायची आहे.’’ पाचातल्या दोघी काही सांगणार नाहीत. बाकीच्या तिघींचं शांतपणे ऐका. मऊ चकलीचं मला अशाच एका फोनवर कळलं, तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

सहावी पायरी: खरं बोलणारं माणूस जपा

आपल्या गावात यासाठी एक मोठं उदाहरण आहे. १८७४ साली दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण होते. गादीवर मल्हारराव गायकवाड होते, सोन्याच्या तोफा घडवून घेणारे. राज्याचा कारभार सुधारायला दादाभाईंसारखा माणूस प्रत्यक्ष दरबारात होता, पण जुन्या दरबारी मंडळींपुढे त्यांचं चालू दिलं गेलं नाही. १८७५च्या सुरुवातीला त्यांनी पद सोडलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मल्हाररावांची गादी गेली. त्याची कारणं अनेक होती, इंग्रजांचं राजकारणही त्यात होतं. तरी गावातल्या जुन्या न्यायालयाच्या, न्याय मंदिराच्या, इमारतीवरून जाताना मला नेहमी वाटतं की खरं सांगणारा माणूस मिळणं ही एक गोष्ट आणि त्याला टिकू देणं ही वेगळी. पुढे दत्तक आलेल्या सयाजीरावांना १८८१मध्ये राज्याची सूत्रं मिळण्याआधी दिवाण टी. माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. माधवराव म्हणजे तंजावरकडचे मराठी. राजाच्या भोवतीची माणसं कशी असावीत हाही त्यांचा विषय होता. अठरा वर्षांच्या मुलाला हे आधी शिकवायला हवं असं त्यांना वाटलं, यातच सगळं आलं.

आपल्या पातळीवर याचा अर्थ असा, की अशी दोन-तीन माणसं शोधा ज्यांना तुमच्याकडून काही मिळवायचं नाही. एक तुमच्या कामातलं जाणकार, एक रोज वापरणारं, एक हाताखालचं. हाताखालच्या माणसाला आधीच सांगा की बोलल्यामुळे पगाराला किंवा कामाला धक्का लागणार नाही, आणि तो शब्द पाळा.

‘निंदकाचे घर असावे शेजारी’ ही म्हण मात्र अर्धीच घेतली जाते. टोचून बोलणारा प्रत्येक जण खरं बोलतो असं नाही. काहींना फक्त दुखवायचं असतं. फरक ओळखायची माझी खूण अशी: हित बघणारा वस्तूबद्दल बोलतो आणि नेमकं बोलतो, ‘मोहन जास्त झालं, तेलात तुटतेय’. दुखवणारा तुमच्याबद्दल बोलतो, ‘तुम्हाला आता जमत नाही’. पहिल्याचं लिहून घ्या. दुसऱ्याचं सोडून द्या, त्यासाठी रात्र जागवू नका.

स्तुतीचंही तसंच. खऱ्या स्तुतीला तपशील असतो. ‘‘का आवडली?’’ विचारलं की खरी स्तुती करणारा लगेच सांगतो, तीळ खमंग भाजलेत म्हणून. खोटी स्तुती करणारा ‘तुमच्या हाताला चवच आहे’ असं पुन्हा मोठ्यानं म्हणतो, आणि पुष्कळदा त्यामागून उधारी किंवा सवलतीची गोष्ट निघते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्याला खालून काहीतरी हवं असतं. खरी स्तुती मिळाली तर ती मनापासून घ्या. शंका घेत बसण्यानंही कान बिघडतात.

सातवी पायरी: समोर कोणीच नसताना

खुशामत करायला दुसरं माणूस लागतंच असं नाही. १९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात, तुम्ही आणखी त्रिकुटं सांगा, बसतात की नाही ते मी सांगेन, आणि खात्री झाली की नियम सांगा. लोक ८, १०, १२ म्हणायचे, ‘बसतं’ असं उत्तर यायचं, आणि ‘दोनाच्या फरकानं वाढणारे आकडे’ असा नियम ते खात्रीनं सांगायचे. नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच होता. ३, ७, ५० हेही बसलं असतं. आपल्या समजुतीला खोटं पाडेल असं त्रिकूट विचारावं, हे फार थोड्यांना सुचलं. घरातल्या मुलांबरोबर हा खेळ करून बघा, कळायला पाच मिनिटं लागतात.

मोबाईलवर आपण रोज हेच करतो. ‘शेंगदाणा तेलाचे फायदे’ शोधलं की फायदेच मिळतात. म्हणून मी एकदा ‘फायदे’ आणि एकदा ‘तोटे’ असं दोन्ही शोधते.

हल्ली माझी सून चॅटबॉटला विचारून किमती आणि जाहिराती ठरवते. तिथे जास्त जपावं लागतं. लोकांना आवडणारी उत्तरं देण्याकडे या यंत्रांचा कल असतो, कारण त्यांना घडवताना माणसांच्या पसंतीचा आधार घेतलेला असतो. एप्रिल २०२५मध्ये ओपनएआयनं चॅटजीपीटीतला एक बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण तो वापरणाऱ्यांच्या हो ला हो करत फाजील कौतुक करायला लागला होता. म्हणून सुनेला मी सांगते: ‘माझी कल्पना कशी आहे?’ असं लिहू नकोस. ‘एका शेजारणीनं असं ठरवलंय, ते फसण्याची पाच कारणं सांग’ असं लिही. मालकी लपवली की उत्तराचा सूर बदलतो. आणि शेवटचं मत चाखणाऱ्या जिभेचं घे, यंत्राला जीभ नाही.

वर्षाचं वेळापत्रक

फराळाचं काम करणाऱ्यांसाठी पंचांगातच याची सोय आहे. घटस्थापनेला चाचणीचा एक छोटा घाणा तळा आणि डबे बंद करा. त्याच दिवशी पहिली चव, अष्टमीला दुसरी, कोजागरीला तिसरी. पहिल्या दिवशी सगळंच चांगलं लागतं, निर्णय पुढच्या दोन तारखांना होतो. अष्टमीला अनेकींचा उपास असतो, त्यामुळे बारा जणींची नावं आधीच ठरवा, आणि दुपारी बोलवा, रात्री सगळ्या गरब्याला जातात. कोजागरीनंतर दिवाळीला पंधरा दिवस उरतात, तेवढ्यात भाजणी बदलता येते, आच बदलता येते, ऑर्डर कमीही करता येते. फक्त त्या रात्री मसाला दुधाचे पेले फिरण्याआधी चकली चाखून घ्या. केशर-वेलचीचं गोड दूध प्यायल्यावर जिभेला तिखटमीठ नीट कळत नाही.